हिंव, गार, बर्फ : हिमस्खलनाच्या धोक्याची मराठी शब्दकळा

१

राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाची कथा येते. साहित्यविद्या त्याच्या मागोमाग देशोदेशी फिरते आणि विदर्भातील वत्सगुल्म नगरीत या दोघांचा विवाह होतो. हे वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. वाशीमच्या वाङ्मयीन परंपरेविषयी लिहिताना या विवाहाचा उल्लेख टाळून पुढे जाणारा अभ्यासक विरळाच. मात्र विवाहानंतर हे वधूवर कोठे परतते, हा कथेचा उत्तरभाग सहसा सांगितला जात नाही. ते परतते तुषारगिरीवर, म्हणजे हिमाच्या पर्वतावर. गौरी आणि सरस्वती तेथे असतात. वत्सगुल्मापासून तुषारगिरीपर्यंतची ही वाट राजशेखराच्या निवेदनात एका वाक्यात उरकते. तीत चढ नाही, थंडी नाही, पायाखाली निसटणारे काही नाही.

विदर्भातून हिमाकडे जाणारी दुसरी वाट मेघाची आहे. कालिदासाचा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, हे मत वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले व ते बहुतांशी रूढ झाले. तेथून निघालेला मेघ हिमालयातील अलकेला पोचतो. चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बा. भ. बोरकर, शांता शेळके अशा अनेकांनी ही वाट मराठीत आणली. पुढे १३ एप्रिल १९८४ रोजी भारतीय सैन्याने सियाचिन हिमनदीवर मोहीम उघडली, तेव्हा तिला नाव देण्यात आले 'ऑपरेशन मेघदूत'. त्या नावामागे काव्यप्रेम किती आणि गुप्ततेची सोय किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण तेव्हापासून महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून सैन्यात गेलेल्या तरुणांना रामगिरी ते अलका हे अंतर खरोखरच पार करावे लागते, आणि त्यांच्या वाटेवर मेघाला नसलेला एक धोका असतो.

जानेवारी २०१७ च्या अखेरीस काश्मिरातील गुरेझ भागात सैन्याच्या तळावर व गस्तीवरील तुकडीवर हिमाचे लोट आले. मृत जवानांत अकोला जिल्ह्यातील जवानही होते. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्याचाच भाग होता. भाषा, पीकपाणी, हवामान आणि सैन्यभरतीकडे पाहण्याची दृष्टी यांत दोहोंमध्ये फरक करणे कठीण. ज्या प्रदेशात हिम कधी पडत नाही त्या प्रदेशातील घरांत ही बातमी 'हिमस्खलन' या शब्दातून पोचली. या शब्दाने त्या घरांना नेमके काय सांगितले? आणि भरतीला निघालेल्या, किंवा हिवाळी सुट्टीत केदारकांठ्याच्या वाटेला लागणाऱ्या मराठी तरुणाजवळ हिमाविषयी विचार करण्यासाठी कोणते शब्द असतात? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. प्रश्न शब्दांचा असला तरी तो केवळ कोशकारांचा नाही. हिमाच्या उतारावर पाऊल टाकावे की नाही हे माणूस ज्या चित्राच्या आधारे ठरवतो ते चित्र बरेचसे त्याच्या भाषेने काढलेले असते.

२

संस्कृत 'हिम' शब्द मराठीत दोन रूपांनी नांदतो. तत्सम रूपात तो हिमालय, हिमनदी, हिमशिखर अशा सामासिक शब्दांतून ग्रंथात राहतो. तद्भव रूपात तो 'हिंव' होतो, आणि तेथे त्याचा अर्थ पालटतो. हिंव म्हणजे आकाशातून पडणारा पदार्थ नव्हे. ती शरीरात भरणारी थंडी आहे. हिंव भरते, अंग कापते, दात वाजतात. हिवताप हा शब्द त्यातूनच आला आणि हिवाळाही. मराठी भाषकाने 'हिम' हा शब्द दख्खनच्या पठारावर आणला तेव्हा त्यातील पदार्थ वाटेत गळाला आणि अंगावरचा काटा तेवढा शिल्लक राहिला, असे म्हणता येईल. अनुभव नसलेल्या वस्तूचे भाषेत असेच होते.

प्राकृत काव्यपरंपरेतही 'हिम' हे बव्हंशी कमळे आणि पिके जाळणारे दंव आहे. थंडीने जळणे ही कल्पना आजही वऱ्हाडात जिवंत आहे. पौषात पारा उतरला की तूर 'जळाली' असेच शेतकरी म्हणतो. धुई पडली की फुलोऱ्याची काळजी करतो. दंव, दहिवर, धुई, गारठा, कडाका, काकडा, हुडहुडी असे थंडीचे शब्द मोजू लागल्यास मराठी दरिद्री ठरत नाही. पण हे सर्व शब्द जमिनीलगतच्या हवेचे आणि माणसाच्या अंगाचे आहेत.

दुसरा शब्द 'गार'. विशेषण म्हणून तो थंड, नाम म्हणून तो आकाशातून पडणारा गोठलेला गोळा, आणि गारगोटीत तोच दगड. हा शब्द वाशीमच्या माणसाच्या पुरत्या अनुभवाचा आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील दीर्घ गारपीट आणि ११ फेब्रुवारी २०१८ ची गारपीट या जिल्ह्याने व शेजारच्या जिल्ह्यांनी सोसली. गारेच्या बाबतीत मराठी किती नेमकी होते पाहावे. गारा हरभऱ्याएवढ्या, बोराएवढ्या, आवळ्याएवढ्या, लिंबाएवढ्या असतात. या मापांत आकार आहे आणि नुकसानीचा अंदाजही आहे, कारण बोराएवढ्या गारेने गव्हाची ओंबी झडते आणि लिंबाएवढ्या गारेने माणूस घायाळ होतो. भाषा जेथे मार खाते तेथे मोजमाप शिकते. याच गारांचा पांढरा थर शेतात साचला की वृत्तपत्रांतून मात्र 'काश्मीर अवतरले' अशा धर्तीचे मथळे दिसतात. पीक झोपलेल्या शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून असा मथळा सुचणे हा अभिरुचीचा प्रश्न झाला, त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. पण पांढरा थर म्हणजे शोभा, ही समजूत त्यातून कळते आणि ती पुढे उपयोगी पडेल.

तिसरा शब्द 'बर्फ', फारसीतून आलेला. मूळ भाषेत तो आकाशातून पडणाऱ्या हिमाचा वाचक. मराठीने मात्र त्याचा संबंध प्रामुख्याने लादीशी जोडला. अमेरिकेतील फ्रेडरिक ट्यूडर याने तळ्यांवरचा बर्फ कापून १८३३ मध्ये जहाजाने कलकत्त्यास पाठविला, त्यानंतर लवकरच तो मुंबईसही येऊ लागला; पुढे कारखाने झाले. भुशात गुंडाळलेली लादी, रसवंतीवरचा चुरा, जत्रेतला गोळा या क्रमाने बर्फ मराठी माणसाच्या परिचयाचा झाला. बर्फी हे त्याच शब्दाचे गोड अपत्य. परिणामी मराठीत आकाशातून पडतो तोही बर्फ, पाणी गोठून होतो तोही बर्फ आणि हिमनदीत शतकानुशतके दाबून घट्ट झालेला तोही बर्फच. 'बर्फावरून चालत गेले' या मराठी वाक्याचे किमान चार अर्थ संभवतात आणि चारही प्रसंगी पायांना व जिवाला असणारा धोका वेगळा असतो.

प्राचीन काव्याने हा भेद पाहिलाच नव्हता असे समजण्याचे कारण नाही. 'कुमारसंभवा'च्या पहिल्या सर्गात हिमालयातील स्त्रिया ज्या वाटेने चालतात तेथील हिम गोठून दगड झालेले आहे आणि ते पायांची बोटे व टाचा यांना टोचते, असा उल्लेख आहे. त्याच सर्गात वितळत्या हिमाच्या पाण्याने सिंहाच्या पावलांवरील रक्ताच्या खुणा धुऊन जातात. एक घट्ट झालेले हिम, दुसरे पाझरणारे. आणि दोन्ही चालणाऱ्याच्या पायाशी निगडित. कालिदासानंतर हिमालय वर्णनाचा विषय झाला. शुभ्र, अचल, तपस्वी अशी त्याची विशेषणे ठरून गेली. मराठीने हीच परंपरा उचलली. पांडवांच्या महाप्रस्थानामुळे हिमालयात जाणे म्हणजे देह ठेवणे, हा अर्थ त्यात मिसळला. द्रौपदीपासून एकेक जण पडतो तो आपापल्या दोषामुळे. हिमाच्या दोषामुळे कोणी पडत नाही. नैतिक कथेला हे साजेसेच आहे. पण हिमात पडण्याचे कारण पडणाऱ्याच्या पापपुण्यात शोधण्याची ही सवय आधुनिक बातम्यांतील 'काळाने घाला घातला' या शब्दप्रयोगापर्यंत टिकून आहे. हिमाचे वर्तन समजून घेण्याची निकड त्यामुळे मागे पडते.

३

हिमाचे वर्तन म्हणजे काय, हे येथे काहीसे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. ते सांगताना परिभाषा कोशातील शब्द न वापरता वाशीमच्या खळ्यावरील शब्द वापरून पाहू. हा प्रयोग सोयीसाठी नाही. खळ्यावरची मराठी या कामास अधिक लायक आहे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

पर्वतावर साचलेले हिम हा एकसंध पदार्थ नसतो. एकेका वादळाचा एकेक थर बसतो आणि प्रत्येक थराचा पोत निराळा असतो. नवे हिम भुसभुशीत असते. ऊन लागून पुन्हा गोठलेल्या हिमावर पपडी धरते, जशी पाऊस उघडून ऊन पडल्यावर काळ्या रानावर धरते आणि अंकुराला वर येऊ देत नाही. निरभ्र, थंड रात्री थराच्या पृष्ठावर दंव गोठून पिसासारखे उभे स्फटिक तयार होतात. ते दिसतात फार सुंदर, पण नव्या हिमाखाली गाडले गेले की दोन थरांमधील तो सर्वांत कच्चा सांधा ठरतो. आणखी एक प्रकार तळाशी घडतो. जमीन तुलनेने उबदार आणि वरची हवा अतिशीत असेल आणि हिमाचा थर पातळ असेल, तर खालून वर जाणाऱ्या वाफेमुळे तळचे हिम हळूहळू रवाळ होते. साखरेसारखे मोकळे, एकमेकांना न धरणारे दाणे. लडाख, काराकोरम यांसारख्या कोरड्या, अतिशीत आणि तुलनेने कमी हिमाच्या प्रदेशात ही अवस्था विशेष आढळते. पीर पंजालसारख्या अधिक ओल्या व उबदार रांगेत नवा हिमवर्षाव भरमसाट पडून त्याच्या ओझ्याने होणाऱ्या घसरणी अधिक. 'हिमालयातले बर्फ' असा एकच पदार्थ नाही, हे यावरून ध्यानी यावे.

आता खळ्यावर सोयाबीनची रास पाहावी. राशीचा उतार ठराविक कोनापर्यंतच चढतो, त्यापुढे टाकलेला दाणा गडगडत खाली येतो. त्या उतारावर एक रुंद फळी टेकवून ठेवली तर ती क्षणभर टिकेल. फळीवर पाय दिला की खालचे दाणे लोळतात आणि फळी माणसासकट निसटते. हिमस्खलनाचा सर्वांत घातक प्रकार नेमका असा असतो. वर घट्ट बसलेला थर ही फळी. तिच्याखाली रवाळ किंवा पिसाळ दुर्बळ थर हे दाणे. आणि त्यावर चालणारा माणूस हे वजन. दुर्बळ थर एका ठिकाणी मोडला की तो मोड सबंध उतारभर क्षणार्धात पसरतो आणि वरची अख्खी लादी एकदम सुटते. तिचा वरचा काठ करवतीने कापल्यासारखा सरळ दिसतो. माणूस लादीच्या मध्यावर असतो. निसटणारी जमीन त्याच्या पायाखालची असते.

पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांतून एक गोष्ट वारंवार पुढे आली आहे. हिमप्रदेशात हौसेने फिरणाऱ्यांच्या प्राणघातक अपघातांत सुमारे नव्वद टक्के वेळा लादी सोडवणारा भार हा मृत व्यक्तीचा स्वतःचा किंवा त्याच्याच सोबत्याचा असतो. सैन्याच्या तळांची गोष्ट वेगळी. तेथे वरून नैसर्गिकरीत्या सुटलेला लोट झोपलेल्या माणसांवर येतो. म्हणून जवान आणि पदभ्रमंती करणारा यांचा धोका एकाच शब्दात सांगितला तरी एकच नसतो.

उताराचा कोन निर्णायक असतो. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर अशा बहुतेक लाद्या सुटतात. तीस अंश म्हणजे आडवे पावणेदोन हात गेले की एक हात चढ. त्याहून मंद उतारावर लादी सहसा सुटत नाही, फार खड्या कड्यावर हिम मुळात साचतच नाही, थोडेथोडे झडत राहते. माणसाला चढण्यास जो उतार 'जमण्यासारखा' वाटतो तोच बहुधा या मधल्या पट्ट्यात येतो, ही त्यातली वाईट गोष्ट. मंद उतारावर चालणाराही वरच्या खड्या उताराच्या पायथ्याशी असेल तर सुरक्षित नसतो.

वाऱ्याचे काम उफणणीसारखे. वारा एका अंगाचे हिम उचलतो आणि आडोशाच्या अंगाला नेऊन टाकतो. आकाशातून टीचभर हिम पडलेले असताना आडोशाच्या उतारावर हातभर साचते, आणि तेही दाबून, लादीसारखे. उफणणाऱ्याला भुसा कोठे पडणार हे ठाऊक असते आणि तो तेथे उभा राहत नाही. पर्वताच्या माथ्यावर हेच हिम वळचणीसारखे पुढे आलेले असते. खालून पाहणाऱ्यास ती वळचण दिसते. माथ्यावरून चालणाऱ्यास ती भक्कम जमीन वाटते.

उतार सूचना देत नाही असे नाही. जवळच्या उतारावर ताजी घसरण दिसणे, पावलापासून हिमात लांब भेग पळत जाणे आणि पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज होऊन हिम किंचित खचणे, या तीन खुणा दुर्बळ थर मोडत असल्याच्या आहेत. तिसरी खूण जुन्या वऱ्हाडी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. धान्याच्या पेवावरून चालताना येणारा आवाज त्याने ऐकलेला असतो. सपाटीवर तो आवाज आला तर माणूस परत फिरू शकतो. तीस अंशांच्या उतारावर आला तर फिरण्यास वेळ उरेलच असे नाही. जोरदार हिमवर्षावानंतरचे पहिले एकदोन दिवस, जोराचा वारा आणि अचानक आलेली ऊब या तीन परिस्थिती विशेष जपण्याच्या आहेत.

गाडल्या गेलेल्या माणसाविषयी थोडक्यात. वाहताना भुसभुशीत वाटणारे हिम थांबताक्षणी चुन्यासारखे घट्ट बसते, हात हलवता येत नाही. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढल्यास जगण्याची शक्यता मोठी असते, त्यानंतर ती झपाट्याने घसरते, कारण माणूस प्रामुख्याने गुदमरून मरतो. बाहेरची मदत इतक्या वेळात पोचत नाही. सोबत्यांजवळ संदेशयंत्र, लांब सळई आणि फावडे असेल आणि ते वापरण्याचा सराव असेल तरच उपयोग.

४

या पार्श्वभूमीवर वृत्तपत्रीय मराठीकडे वळता येईल. 'हिमस्खलन' हा शब्द व्युत्पत्तीने निर्दोष आहे; 'स्खलन' म्हणजे घसरणे, निसटणे, आणि लादीच्या बाबतीत घडते तेच. दोष असा की बोलीत 'स्खलन' हा घसरण्याचा शब्दच नाही. मराठी वाचकास तो नीतीच्या संदर्भात भेटतो. त्यामुळे हा समास वाचकाच्या डोळ्यांपुढे काहीच उभे करीत नाही, आणि रिकाम्या जागी तो आपल्या परिचयाचे चित्र बसवतो. महाराष्ट्रातील वाचकाच्या परिचयाचे चित्र दरडीचे. ३० जुलै २०१४ चे माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्रीची इर्शाळवाडी ही नावे ते चित्र घट्ट करतात. दरड वरून येते; खाली घर असते; माणूस निरपराध आणि निष्क्रिय असतो. हे चित्र गुरेझच्या तळाला लागू पडते. हिवाळी पदभ्रमंतीला ते लागू पडत नाही, किंबहुना घात करते. कारण वर काही लोंबकळत नाही ना, एवढे पाहून माणूस निर्धास्तपणे उतारावर पाय टाकतो.

'हिमकडा कोसळला' हा दुसरा रूढ प्रयोग. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनवरील सोनम चौकीवर जी आपत्ती आली तिला तो बऱ्यापैकी शोभतो. तेथे बर्फाची प्रचंड भिंत ढासळली होती. सुमारे १९,६०० फूट उंचीवरील त्या चौकीत दहा जवान गाडले गेले, त्यांत सातारा जिल्ह्यातील एक जवान होता. लान्सनायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीस दिल्लीत मरण पावले. परंतु ७ फेब्रुवारी २०२१ च्या चमोली दुर्घटनेलाही आरंभी 'हिमकडा कोसळला', 'हिमनदी फुटली' असेच म्हटले गेले. नंतरच्या संशोधनातून निष्पन्न झाले ते असे की रोंती शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फ यांचा सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटरचा एकत्र तुकडा सुटला, त्यातही खडकाचा वाटा मोठा होता, आणि घर्षणाने बर्फ वितळून चिखलाचा लोंढा झाला. दोनशेहून अधिक माणसे त्यात गेली. फुटले असे काही नव्हते. 'फुटणे' या क्रियापदाने धरणाचे चित्र आणले आणि वाचक काही दिवस पाण्याचा उगम शोधत राहिला.

तिसरे उदाहरण अधिक बोलके आहे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का डांडा-२ या शिखराच्या चढाईवर असताना उतार सुटला. सत्तावीस मृतदेह हाती आले, दोघे सापडले नाहीत. ही प्रशिक्षित मंडळी होती आणि प्रशिक्षणासाठीच तेथे गेली होती. त्याउलट ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यालगत मरण पावलेले सात जण पर्यटक होते. त्यांना पांढरा उतार दिसला आणि त्यावर ते खेळायला, छायाचित्रे घ्यायला गेले, असे तेव्हाच्या वृत्तांवरून दिसते. गारपिटीच्या मथळ्यांतील 'काश्मीर' येथे आठवावे.

मराठी गिर्यारोहकांचे लेखन या बाबतीत पुढे आहे, हे नोंदविले पाहिजे. पुण्याच्या 'गिरिप्रेमी'ने २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली एव्हरेस्ट मोहीम यशस्वी केली. झिरपे यांनी त्या अनुभवावर मराठीत लिहिले आहे. सह्याद्रीत वाढलेल्या या पिढीने कडा, घळ, खिंड, सोंड, धार हे दगडाचे शब्द हिमालयात नेले आणि ते तेथे चपखल बसले. हिमाच्या पोताला मात्र या वर्गाच्या लेखनात बहुधा इंग्रजी शब्दच येतो : अ‍ॅव्हलांच, क्रिव्हास, कॉर्निस. जाणत्यांमध्ये हे पुरेसे आहे, त्यास आक्षेप नाही. अडचण पहिल्यांदा जाणाऱ्याची आहे. 'कॉर्निस' या शब्दाने रिसोडच्या मुलाला काहीच दिसत नाही. 'वळचण' म्हटल्यावर पुढे आलेला आणि खाली आधार नसलेला भाग दिसतो. इंग्रजी शब्द शिकवूच नये असे यातून निघत नाही. तो शिकवण्यापूर्वी वळचण दाखवावी एवढेच.

५

भाषांतराचा सर्वांत नाजूक प्रश्न धोक्याच्या श्रेणीचा आहे. भारतात हिम व हिमस्खलनाच्या अभ्यासासाठी १९६९ मध्ये मनालीत संरक्षण खात्याची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय पुढे चंडीगडला गेले आणि २०२० मध्ये दुसऱ्या एका प्रयोगशाळेत विलीन होऊन तिची आजची संरक्षण भूमाहितीशास्त्र संशोधन संस्था झाली. हिमस्खलनाचे इशारे ती देते. युरोपीय देशांनी १९९३ मध्ये धोक्याची पाच पायऱ्यांची एक श्रेणी ठरविली, तिचे अनुकरण जगभर झाले.

पाचांपैकी तिसरी पायरी मराठीत काय म्हणून सांगावी? सहज ओठावर येणारा शब्द 'मध्यम', कारण तीन ही पाचांची मध्यसंख्या. पण 'मध्यम' हा अर्थ मुळात दुसऱ्या पायरीचा आहे. तिसऱ्या पायरीचे मूळ विशेषण 'दखल घेण्याजोगा', 'बराच' या अर्थाचे आहे. शिवाय या श्रेणीतील पायऱ्या समान उंचीच्या नाहीत. प्रत्येक पायरीस धोका आधीच्या पायरीच्या पटीत वाढतो. युरोपातील मृत्यूंपैकी निम्म्याच्या आसपास तिसऱ्या पायरीच्या दिवशी घडतात, हे तर अधिकच विचारात घेण्यासारखे आहे. चौथ्या-पाचव्या पायरीला लोक घरी राहतात. तिसरीला ते निघतात. परीक्षेत मध्यम म्हणजे उत्तीर्ण, पावसात मध्यम म्हणजे पेरणीजोगा, शेतजमिनीत मध्यम म्हणजे कापसासही चालणारी. मराठीत हा शब्द जेथे येतो तेथे दिलासा देतो.

'थोडा, बेताचा, बराच, मोठा, फार मोठा' असा क्रम सुचविता येईल. 'बेताचा' हा शब्द दुसऱ्या पायरीस नेमका बसतो, कारण त्यात बेत राखून वागण्याची सूचना आहे. 'बराच' याविषयी एक शंका राहते. घाईत ऐकणाऱ्यास त्यातला 'बरा' तेवढा ऐकू यावा, अशी त्याची घडण आहे. 'भारी' हा वऱ्हाडी पर्याय एके काळी चालला असता. आजच्या तरुणांच्या बोलीत त्याचा अर्थ 'उत्तम' असा झाला आहे आणि 'आज भारी धोका आहे' या वाक्याला हसूच येईल. तेव्हा तिसऱ्या पायरीपुरता विशेषणाचा नाद सोडून मूळ श्रेणीतील स्पष्टीकरणच इशाऱ्यात लिहिणे अधिक सुरक्षित दिसते : खड्या उतारावर एकट्या माणसाच्या वजनानेही हिमाची लादी सुटू शकते.